अकाउंटिंग सॉफ्टवेअरचा वेबहुक लावताना: निरोप आला, आता वही बघा

अकाउंटंट एका इनव्हॉइससमोर पेमेंट टाकते, रक्कम परत एकदा बघते, सेव्ह दाबते. तिचं काम तिथे संपलं. आता आपल्या ॲपमध्ये त्याच ग्राहकासमोरचं "बाकी" जाऊन "भरलं" दिसायला हवं, थांबवलेली त्याची सेवा परत सुरू व्हायला हवी, आणि हे सगळं कोणी हाताने न करता, शक्यतो मिनिटाभरात. इंटिग्रेशन, म्हणजे दोन सॉफ्टवेअर एकमेकांना जोडायचं काम, करणाऱ्याकडे येणारी मागणी इतकी साधी असते, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की तिकडे आपली एक यूआरएल दिली की झालं. यूआरएल देणं खरंच दहा मिनिटांचं काम आहे, पण त्याच्या मागचं नीट लावलं नाही तर दोन्हीकडचे हिशोब हळूहळू एकमेकांपासून लांब जात राहतात आणि वर्षअखेरीपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी ही गोष्ट लागते कशाला ते बघू. वेबहुक नसेल तर दुसरा मार्ग म्हणजे आपणच सारखं विचारत राहायचं, "काही बदललं का? काही बदललं का?" दर ५ मिनिटांनी विचारलं तर एका कंपनीमागे दिवसाला २८८ वेळा विचारावं लागतं आणि त्यातल्या बहुतेक वेळा उत्तर येतं की काही नाही. बरं, एवढं करूनही बदल झाल्यावर आपल्याला कळायला ५ मिनिटांपर्यंत उशीर होऊ शकतोच. कंपन्या शंभर झाल्या की हेच २८,८०० वेळा होतं. म्हणून मग उलटी व्यवस्था करतात, म्हणजे आपण त्यांना आपल्या सर्व्हरचा एक पत्ता देऊन ठेवायचा आणि काही बदललं की त्यांनी त्या पत्त्यावर निरोप टाकायचा. याला वेबहुक म्हणतात. हा शब्द जेफ लिंडसे यांनी २००७ मध्ये वापरात आणला आणि आता पेमेंट गेटवे असो की अकाउंटिंग सॉफ्टवेअर, सगळीकडे हाच चालतो.

निरोप हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. निरोप म्हणजे खुद्द माणूस नव्हे, तसंच हे पण आहे. झीरो आणि क्विकबुक्स ऑनलाइन ही दोन्ही खूप वापरली जाणारी अकाउंटिंग सॉफ्टवेअर आहेत, त्यांचे वेबहुक उघडून बघितले की हे लगेच कळतं. झीरोकडून जे येतं त्यात असतं काय तर कुठल्या कंपनीत बदल झाला तिचा आयडी, कुठली वस्तू बदलली तिचा आयडी, ती वस्तू इनव्हॉइस आहे की कॉन्टॅक्ट, ती नवीन तयार झाली की बदलली, कधी, आणि ती बघायला कुठल्या लिंकवर जायचं. बस. रक्कम नाही, ग्राहकाचं नाव नाही, भरलं की नाही तेही नाही. क्विकबुक्समध्येही साधारण हेच, कंपनीसाठी रेल्म आयडी, मग वस्तूचं नाव, तिचा आयडी आणि काय केलं ते, म्हणजे क्रिएट, अपडेट, डिलीट, मर्ज, व्हॉइड असं.

पहिल्यांदा बघणाऱ्याला हे अर्धवट वाटतं. एवढा निरोप पाठवलाच आहे तर रक्कमही टाकायची की त्यात! पण थोडा विचार केला की पटतं. एक तर ग्राहकाची आर्थिक माहिती जितक्या कमी ठिकाणी फिरेल तितकं बरं. आणि दुसरं जास्त महत्त्वाचं, ते म्हणजे निरोप निघाल्यापासून आपल्यापर्यंत पोचेपर्यंत तिकडे वहीत, म्हणजे अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधल्या मूळ नोंदीत, अजून काहीतरी बदललेलं असू शकतं. निरोपातली रक्कम शिळी असू शकते, वहीतली ताजीच असते. त्यामुळे या सगळ्या कामात एक नियम मी कधीच सोडत नाही, निरोपावरून थेट एंट्री करायची नाही, निरोप आला की मूळ वहीत जाऊन आता तिथे काय लिहिलंय ते आणायचं आणि त्यावरून आपली बाजू सुधारायची. ज्या सॉफ्टवेअरमध्ये निरोपातच सगळी माहिती येते तिथेही मी हेच करतो. खाली जे जे लिहिलंय त्यातल्या निम्म्या अडचणी या एका सवयीने आपोआप सुटतात.

आता सुरुवात सहीपासून. आपण दिलेला पत्ता इंटरनेटवर उघडा असतो, तो कोणाला कळला तर कोणीही त्यावर खोटा निरोप टाकू शकतो. म्हणून खऱ्या निरोपासोबत एका हेडरमध्ये (मजकुराआधी येणाऱ्या माहितीच्या ओळीत) सही येते. ही सही कशी होते तर तुमच्या आणि त्यांच्याकडे एक गुप्त किल्ली असते (झीरो तिला वेबहुक की म्हणतं, क्विकबुक्स व्हेरिफायर टोकन म्हणतं), ती किल्ली आणि निरोपाचा पूर्ण मजकूर एकत्र घेऊन एचमॅक-एसएचए२५६ नावाचं गणित चालवतात आणि जे उत्तर येतं ते बेस६४ मध्ये (साध्या अक्षरांत लिहायच्या एका पद्धतीत) लिहून पाठवतात. आपणही आपल्याकडची किल्ली घेऊन तेच गणित करायचं, उत्तर जुळलं तर निरोप खरा. एचमॅक ही पद्धत १९९७ च्या आरएफसी २१०४ या तांत्रिक दस्तऐवजात लिहिलेली आहे, म्हणजे जुनी आणि भरपूर तावून सुलाखून निघालेली.

इथे जवळजवळ प्रत्येक जण एकदा तरी अडकतो, त्यामुळे हे नीट वाचा. गणित चालतं ते मजकुराच्या एकेका बाइटवर. आपला वेब फ्रेमवर्क काय करतो, आलेला जेसन (माहिती मजकूर म्हणून लिहायची एक पद्धत) उघडतो, त्याचा ऑब्जेक्ट बनवतो आणि तो आपल्या हातात देतो. आपण तोच ऑब्जेक्ट परत जेसनमध्ये लिहून त्यावर गणित करतो आणि सही जुळत नाही. का? कारण मूळ मजकुरात कोलननंतर एक स्पेस होती ती परत लिहिताना गेली, किंवा नव्हती ती आली, किंवा एखादं विशेष अक्षर वेगळ्या पद्धतीने लिहिलं गेलं. माणसाच्या डोळ्याला दोन्ही मजकूर सारखेच, पण गणिताला पूर्ण वेगळे. मग लोक किल्ली बदलून बघतात, सपोर्टला लिहितात, दोन दोन दिवस जातात. उपाय एवढाच की आलेली रॉ बॉडी, म्हणजे निरोपाचा मूळ मजकूर, जशीच्या तशी, कोणी हात लावायच्या आधी बाजूला घ्यायची, सही तिच्यावर तपासायची आणि मगच जेसन उघडायचा. एक्सप्रेस (नोडवरचा वेब फ्रेमवर्क) वापरत असाल तर फक्त या एका रूटला रॉ पार्सर लावा, बाकीचं ॲप आहे तसं राहू दे. आणि दोन सह्यांची तुलना साध्या बरोबरच्या चिन्हाने करू नका, त्यासाठी प्रत्येक भाषेत वेगळं फंक्शन असतं, पायथनमध्ये कम्पेअर डायजेस्ट, नोडमध्ये टायमिंग सेफ इक्वल, जे तुलनेला लागणाऱ्या वेळेवरून बाहेरच्याला काही अंदाज लागू देत नाही.

झीरोमध्ये तर वेबहुक सुरू व्हायच्या आधीच याची परीक्षा असते. ते तुमच्या पत्त्यावर काही निरोप पाठवतात, काहींवर बरोबर सही, काहींवर मुद्दाम चुकीची. बरोबरला २०० (म्हणजे मिळालं) उत्तर द्यायचं, चुकीच्याला ४०१ (म्हणजे ओळख पटली नाही). घाईघाईत सगळ्यांनाच २०० देणारा कोड इथे नापास होतो. मला ही पद्धत फार आवडते, कारण सही न तपासता पुढे जाणारा माणूस दारातच अडतो.

पुढची गोष्ट वेळेची. झीरोला ५ सेकंदांच्या आत उत्तर लागतं. ५ सेकंद ऐकायला बरेच वाटतात पण विचार करा, निरोप आला, आपण लगेच त्यांच्या एपीआयला (दुसऱ्या प्रोग्रामने माहिती मागायच्या दाराला) फोन करून इनव्हॉइस आणलं, मग आपल्या डेटाबेसमध्ये लिहिलं, मग ग्राहकाला ईमेल पाठवला, आणि यातलं काहीतरी एक त्या दिवशी हळू चालत होतं. वेळ संपली. त्यांच्या बाजूने निरोप पोचलाच नाही असं धरलं जातं, ते परत पाठवतात, आपण तेच सगळं काम परत करतो, परत उशीर होतो. असं वारंवार झालं की समोरचा सबस्क्रिप्शनच, म्हणजे निरोपांसाठीची आपली नोंदणीच, बंद करू शकतो. म्हणून निरोप घेणाऱ्या कोडने तीनच कामं करायची, सही तपासायची, निरोप आहे तसा एका टेबलमध्ये टाकायचा, २०० म्हणायचं. खरं काम वर्कर, म्हणजे मागच्या मागे चालणारा वेगळा प्रोग्राम, निवांत करेल. डेटाबेसमध्ये निरोप पक्का लिहिला गेल्यावरच २०० म्हणायचं हेही लक्षात ठेवा, कारण आधी हो म्हटलं आणि मग सर्व्हर पडला तर तो निरोप गेला तो गेला, समोरच्याच्या मते तो पोचलाय त्यामुळे तो परत पाठवणार नाही.

आता माझ्याकडे झालेली एक गोष्ट सांगतो, कारण ती मला अजूनही टोचते. एका कंपनीचं इंटिग्रेशन आम्ही केलं होतं, सगळं तपासून दिलं होतं, तीन आठवडे व्यवस्थित चाललं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्यांच्या अकाउंटंटने चाळीसेक ग्राहकांची पेमेंट एकत्र टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सिस्टिमने त्यातल्या बहुतेकांना "तुमचं बिल थकलेलं आहे" असा ईमेल पाठवला. पैसे भरलेल्या लोकांना! त्या बाईंना दिवसभर एकेकाचे फोन घेऊन माफी मागावी लागली, चूक त्यांची नसताना. लॉग उघडला तर सगळे निरोप आलेले, सगळ्यांच्या सह्या बरोबर, सगळ्यांना २०० दिलेलं. चूक एका ओळीत होती. एका निरोपात घटनांची यादी असते आणि आमचा कोड त्या यादीतली पहिली घटना घेऊन काम करत होता. टेस्टिंग करताना आम्ही एका वेळी एकच इनव्हॉइस बदलायचो त्यामुळे यादीत नेहमी एकच घटना असायची आणि कोड बरोबर वाटायचा. खऱ्या कामात लोक एकदम चाळीस बदल करतात आणि ते दोन-तीन गठ्ठ्यांमध्ये बांधून येतात, त्यातला वरचा एकेकच आम्ही उचलला आणि बाकीचे टाकून दिले.

म्हणजे यादीवर लूप लावायचा, आणि जिथे यादीच्या आत यादी असते, बाहेरची कंपन्यांची आणि आतली वस्तूंची, तिथे दोन्हीवर लावायचा. एकाच गठ्ठ्यात वेगवेगळ्या कंपन्यांच्या घटना असू शकतात, कारण वेबहुक तुमच्या ॲपसाठी असतो, एकेका ग्राहकासाठी वेगळा नसतो. त्यामुळे प्रत्येक घटनेवरचा कंपनी आयडी वाचून ती आपल्याकडच्या कुठल्या खात्याची आहे ते ठरवायचं. ही जुळवणी चुकली तर एका कंपनीचं इनव्हॉइस दुसऱ्या कंपनीच्या खात्यात दिसेल आणि यापेक्षा वाईट चूक या क्षेत्रात मला तरी सुचत नाही.

एकच निरोप दोनदा येणं ही तर रोजची गोष्ट आहे. आपलं उत्तर वाटेत हरवलं की समोरचा परत पाठवणारच, आणि त्याने पाठवायलाच हवं, न पाठवण्यापेक्षा दोनदा पाठवणं कधीही बरं. पण आपण जर प्रत्येक निरोपाला एक पावती फाडत असू तर ग्राहकाचे एक हजाराच्या जागी दोन हजार जमा दिसतील. यासाठी मी निरोपाच्या टेबलमध्ये कंपनी आयडी, वस्तूचा आयडी, घटनेचा प्रकार आणि घटनेची वेळ यांच्यावर मिळून एक युनिक इंडेक्स लावतो, तीच घटना परत आली की डेटाबेस स्वतःच तिला घेत नाही आणि आपण गुपचूप २०० म्हणायचं. त्यात वर सांगितलेली सवय असली की दुहेरी सुरक्षा मिळते. वहीत जाऊन बघितलं, तिथे लिहिलंय की बाकी शून्य, आपल्याकडेही शून्य केलं. हे दहा वेळा केलं तरी शून्यच राहणार. "हजार वजा करा" असं काम दोनदा झालं तर बिघडतं, "बाकी वहीत आहे तेवढी करा" असं काम दोनदा झालं तरी काही बिघडत नाही.

क्रमाचंही तसंच. बदललं हा निरोप आधी आणि तयार झालं हा नंतर, असं होतं कधीकधी. निरोपांच्या क्रमावर विसंबून राहिलात तर कोड म्हणेल की जे इनव्हॉइस अजून तयारच झालं नाही ते बदलणार कसं, आणि एरर टाकेल. वहीतून आणायची सवय असेल तर प्रश्नच येत नाही, आपल्याकडे नसेल तर तयार करा, असेल तर सुधारा, निरोप कुठलाही असो. फक्त एक काळजी घ्यायची, दोन वर्कर एकाच इनव्हॉइसवर एकाच वेळी काम करत असतील तर जुनी प्रत नव्या प्रतीवर लिहिली जाऊ शकते, म्हणून वहीतून आलेल्या नोंदीवरची शेवटच्या बदलाची वेळ आपल्याकडच्यापेक्षा जुनी असेल तर ती लिहायची नाही.

आता प्रतिध्वनीचा त्रास. हा फक्त दोन्ही दिशांनी चालणाऱ्या इंटिग्रेशनमध्ये होतो, पण झाला की चांगलाच होतो. आपल्या ॲपने अकाउंटिंगमध्ये एक इनव्हॉइस बदललं. तिकडे बदल झाला म्हणून निरोप आला. आपल्या ॲपला वाटलं नवीन काहीतरी झालं, त्याने आपली नोंद सुधारली. आपली नोंद सुधारली म्हणून ॲपने तो बदल परत तिकडे पाठवला. परत निरोप. हे रात्रभर चालू राहू शकतं, आणि सकाळी त्या एका इनव्हॉइसच्या हिस्टरीत शेकडो बदल दिसतात, अकाउंटंटला वाटतं कोणीतरी तिच्या वहीशी खेळतंय. काही जण यावर "आपण केलेल्या बदलाचा निरोप दुर्लक्षित करा" असा नियम लावतात, पण निरोपावर बदल कोणी केला ते सहसा लिहिलेलं नसतं, शिवाय त्याच मिनिटाला अकाउंटंटनेही खरंच काही बदललेलं असेल तर तेही आपण टाकून देऊ. मी करतो ते असं की वहीतून आणलेल्या नोंदीतली आपल्या कामाची फील्ड, म्हणजे तारीख, रक्कम, स्टेटस, ग्राहक, ही आपल्याकडच्याशी ताडून बघायची आणि काहीच फरक नसेल तर काहीही लिहायचं नाही. कुठेच न लिहिल्यामुळे पुढचा निरोप निघत नाही आणि साखळी तिथेच तुटते. यात रक्कम आकडा म्हणून ताडायची, मजकूर म्हणून नाही, नाहीतर १५०० आणि १५००.०० वेगळे ठरतात आणि साखळी परत सुरू.

एपीआयच्या मर्यादेबद्दल थोडक्यात. झीरोमध्ये एका कंपनीसाठी मिनिटाला ६० कॉल एवढीच परवानगी असते. कोणी दोनशे इनव्हॉइस एकदम इम्पोर्ट केली की दोनशे घटना येतात आणि प्रत्येकीसाठी वेगळा कॉल केला तर पहिल्याच मिनिटात ४२९ (म्हणजे मर्यादा संपली) मिळायला लागतं. वर्करने घटना आली की लगेच पळायचं नाही, थोडे सेकंद थांबून जमलेल्या घटना बघायच्या, एकाच इनव्हॉइसच्या पाच घटना असतील तर ते एकदाच आणायचं, आणि अनेक आयडी एका कॉलमध्ये मागता येतात ते मागायचे. ४२९ आलंच तर त्यासोबत किती वेळ थांबा ते हेडरमध्ये लिहिलेलं असतं, तेवढं थांबायचं. लगेच परत परत विचारलं तर आपलीच रांग लांबते.

हिशोबाच्या बाजूच्या काही गोष्टी डेव्हलपरला कोणी सांगत नाही, त्या इथे सांगतो. निरोपावरची वेळ ही बदल झाल्याची वेळ असते, व्यवहाराची तारीख नसते. आज कोणी मागच्या महिन्यातल्या इनव्हॉइसवरचं स्पेलिंग सुधारलं तरी आजच्या वेळेचा निरोप येणार, आणि तुम्ही त्या वेळेवरून महिन्याचा रिपोर्ट बनवत असाल तर जुनी विक्री या महिन्यात दिसेल. त्यात ती वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, त्यामुळे महिन्याच्या शेवटच्या रात्री केलेलं काम वेगळ्याच तारखेत जाऊ शकतं. रिपोर्टसाठी नेहमी इनव्हॉइसवरची तारीख घ्या. तसंच अकाउंटिंगमध्ये काही पुसून टाकणं आणि ते रद्द करणं यात फरक आहे. चुकीचं इनव्हॉइस व्हॉइड करतात, ते वहीत दिसतं पण त्याची रक्कम धरली जात नाही. झीरोच्या वेबहुकमध्ये व्हॉइडसाठी वेगळा प्रकार नसतो, तो साधा अपडेट म्हणून येतो, तुम्ही नोंद आणून तिचं स्टेटस वाचलं तरच कळतं. स्टेटस न वाचता फक्त रक्कम उचलणारा कोड रद्द झालेल्या बिलाचे पैसे मागत राहतो. क्विकबुक्समधला मर्ज पण असाच, एकाच ग्राहकाची दोन खाती चुकून झालेली असतात, अकाउंटंट ती एकत्र करते, आणि आपल्याकडे मात्र त्यातल्या जुन्या आयडीवर सगळी इनव्हॉइस टांगलेली राहतात. मर्जचा निरोप आला की जुन्या आयडीची सगळी जुळवणी नवीन आयडीवर वळवायची.

आणि बंद केलेला काळ. महिना किंवा वर्ष संपलं, कर भरले गेले, की अकाउंटंट त्या तारखेपर्यंतच्या नोंदींना कुलूप लावते. त्यानंतर आपलं ॲप जुन्या तारखेचं काही लिहायला गेलं की नकार मिळतो. हा नकार बरोबरच आहे, त्याला एरर समजून तासाला दहा वेळा परत पाठवण्यात काही अर्थ नाही. असं काम बाजूला काढून ठेवायचं आणि माणसाला दाखवायचं, स्पष्ट भाषेत, की अमुक इनव्हॉइस अमुक तारखेचं आहे, तो काळ बंद आहे, काय करायचं ते ठरवा. ते ठरवायचा हक्क अकाउंटंटचा आहे, कोडने परस्पर तारीख बदलून ते आत सरकवू नये, असं केलेलं मी पाहिलंय आणि नंतर ते निस्तरायला लागलेला वेळही पाहिलाय.

एवढं सगळं केलं तरी काही निरोप हुकणारच. सर्व्हर बंद होता, डीएनएस बदललं, सर्टिफिकेट संपलं, समोरच्याने काही वेळ परत पाठवून बघितलं आणि सोडून दिलं. यासाठी रात्री एकदा ताळा लावायचा. वेबहुक कितीही चांगला चालत असला तरी हा ताळा मी काढत नाही. झीरोच्या एपीआयला इफ-मॉडिफाइड-सिन्स हेडर देऊन विचारता येतं की या वेळेनंतर बदललेलं सगळं द्या. क्विकबुक्समध्ये चेंज डेटा कॅप्चर नावाची सोय आहे, ती मागच्या ३० दिवसांपर्यंतचे बदल सांगते. मागच्या ताळ्याच्या वेळेपासून मोजायचं, पण अगदी त्याच सेकंदापासून नको, दहा-पंधरा मिनिटं मागून सुरू करा म्हणजे सीमेवरचं काही सुटणार नाही, थोडं दोनदा आलं तरी वरच्या सवयीमुळे काही बिघडत नाही. मिळालेले आयडी त्याच टेबलमध्ये, त्याच वर्करसाठी टाकायचे. म्हणजे काम करणारा कोड एकच राहतो, फक्त निरोप कुठून आला ते वेगळं. आणि ताळ्याने किती सुटलेल्या नोंदी पकडल्या तो आकडा रोज लिहून ठेवा. रोज शून्य किंवा एखाद-दुसरी असेल तर ठीक. एकदम तीस झाली तर वेबहुकचं काहीतरी बिघडलंय हे तुम्हाला ग्राहकाच्या आधी कळेल.

यावरून शांततेचा मुद्दा येतो. एरर आली की ईमेल येतो, लॉग लाल होतो, सगळे जागे होतात. पण निरोप यायचेच थांबले तर काहीच होत नाही. लॉग स्वच्छ, सर्व्हर निवांत, डॅशबोर्ड हिरवा. सबस्क्रिप्शन बंद पडलं असेल, किंवा त्या कंपनीतल्या कोणीतरी कनेक्टेड ॲप्सच्या यादीत जाऊन आपल्याला डिस्कनेक्ट केलं असेल. शिवाय टोकनची, म्हणजे त्या कंपनीची वही उघडायच्या डिजिटल परवानगीची, मुदतही संपलेली असू शकते. झीरोमध्ये ॲक्सेस टोकन ३० मिनिटं चालतं आणि ते परत नवीन मिळवायचं रिफ्रेश टोकन वापरलं नाही तर ६० दिवसांनी जातं, म्हणजे फारसे व्यवहार नसलेली एखादी कंपनी गुपचूप तुटू शकते, निरोप आला तरी वही उघडायला आपल्याकडे किल्लीच नसते. रात्रीचा ताळा इथेही उपयोगी पडतो, कारण त्या निमित्ताने टोकन रोज वापरलं जातं. तरी प्रत्येक कंपनीसमोर शेवटचा निरोप कधी आला ती वेळ ठेवा, आणि एरवी रोज निरोप येणाऱ्या कंपनीकडून कामाच्या दिवशी काहीच आलं नाही तर माणसाला कळवा. हा अलर्ट लावायला तासभर लागतो.

लोकांना पाठवायच्या सूचनांबद्दलही सांगतो, कारण हे राहून जातं. डेव्हलपरला सही चुकली हे कळलं पाहिजे, अकाउंटंटला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. तिला कळलं पाहिजे की तीन इनव्हॉइस पुढे गेली नाहीत, ही त्यांची नंबरं, हे कारण. सगळ्यांना सगळं पाठवलं की आठवड्यात सगळे ते ईमेल न उघडता बाजूला टाकायला लागतात आणि मग खरी सूचनाही त्यातच जाते.

टेस्टिंगसाठी एनग्रोकसारखं टनेल वापरून निरोप थेट स्वतःच्या लॅपटॉपवर घेता येतात, आणि झीरोची डेमो कंपनी किंवा क्विकबुक्सचा सँडबॉक्स आहेच, खऱ्या वहीवर प्रयोग कोणीच करू नये. किल्ली कोडमध्ये लिहू नका, सर्व्हरच्या एन्व्हायर्नमेंट सेटिंगमध्ये ठेवा, आणि टेस्टची वेगळी, खऱ्याची वेगळी. आलेले खरे निरोप आहेत तसे जपून ठेवलेत तर काही बिघडल्यावर तेच परत चालवून बघता येतं.

सुरू करायच्या आधी मी एक परीक्षा घेतो. निरोप घेणारा सर्व्हर मुद्दाम बंद करायचा. तो बंद असताना डेमो कंपनीत जाऊन पाच इनव्हॉइस बनवायची, दोनांवर पेमेंट टाकायचं, त्यातल्या एकावर अर्धंच, एक व्हॉइड करायचं, एका ग्राहकाचं नाव बदलायचं, शेवटी वीसेक पेमेंट एकदम इम्पोर्ट करायची. तासाभराने सर्व्हर सुरू करायचा, रात्रीचा ताळा चालू द्यायचा, आणि सकाळी दोन्हीकडची येणं बाकी शेजारी शेजारी ठेवून बघायची. शेवटच्या पैशापर्यंत जुळली की मग खऱ्या कंपनीचं खातं जोडायचं.